जर्बा : मंझिलींचे बेट

ट्युनिशियाच्या आग्नेय किनाऱ्याला, गाबेसच्या आखातात जर्बा नावाचे बेट आहे. उत्तर आफ्रिकेतले हे सर्वांत मोठे बेट, क्षेत्रफळ ५१४ चौरस किलोमीटर. तिथे जमिनीवरून जायचे तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे जोर्फच्या धक्क्यावरून अजीमच्या बंदरापर्यंत चालणारी फेरीबोट. दुसरी म्हणजे रोमन काळापासून समुद्रात भराव घालून केलेला सुमारे सात किलोमीटरचा रस्ता. कोणत्याही वाटेने आत शिरा, थोडे पुढे गेल्यावर नवख्या माणसाला एकच प्रश्न पडतो : गाव कुठे आहे? जैतुनाची जुनी झाडे दिसतात, खजुरी दिसतात, मातीचे बांध आणि त्यांवर माजलेला फड्या निवडुंग दिसतो. मध्येच एक पांढरी भिंत दिसते. बऱ्याच अंतराने दुसरी. मग एक छोटीशी पांढरी मशीद, जिच्या आसपास घर म्हणून नाही. वेस नाही, पार नाही, गल्ली नाही. आपण गावाच्या बाहेर आहोत असे वाटत राहते आणि प्रत्यक्षात आपण गावातच असतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये रियाध येथे झालेल्या बैठकीत युनेस्कोने जर्बाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. एखादा किल्ला किंवा महाल म्हणून नव्हे, तर याच विखुरलेल्या वस्तीसाठी. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या बेटावर साधारण नवव्या शतकापासून माणसे कशी पांगून राहिली, आणि पांगूनही एकमेकांशी कशी बांधलेली राहिली, याचा हा नमुना म्हणून. मात्र यादीत नाव आले तेव्हा यातली कितीतरी घरे कुलूपबंद होती आणि काहींची छपरे बसलेली होती. त्याकडे पुढे येऊच.

मंझिल म्हणजे काय

जर्बाच्या वस्तीचा मूळ घटक म्हणजे ‘मंझिल’. शब्द आपल्या ओळखीचा आहे. मूळ अरबी, अर्थ उतरण्याची, मुक्कामाची जागा. उर्दूत तो मुक्कामाचे ठिकाण झाला, मराठीत ‘मजल दरमजल’ मधली मजल झाला आणि इमारतीचा मजलाही झाला. जर्बात मात्र मंझिल म्हणजे एका कुटुंबाचे संपूर्ण बिऱ्हाड : घर, बाग, शेत, विहीर, पाण्याची टाकी, खळे, माग आणि कुठे कुठे तेलाचा घाणाही. भोवती मातीचा उंच बांध, त्याला ‘ताबिया’ म्हणतात. त्यावर निवडुंग आणि घायपात लावलेले. निवडुंग कुंपणही करतो, वारा आणि वाळूही अडवतो आणि उन्हाळ्यात त्याची फळेही खायला मिळतात. अशा काही मंझिली मिळून एक ‘हूमा’ होते. आपल्याकडे मोहल्ला म्हणावे तर घरे फार लांब लांब, आणि वाडी म्हणावे तर त्यात बाजारही आला, मशीदही आली. कोकणातल्या वाचकांना वाडी हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटेल.

आतल्या घराला ‘हौश’ म्हणतात. हौश चौकोनी असतो, बाहेरून जवळजवळ आंधळा. रस्त्याकडे खिडकी नसतेच, असली तर उंचावर आणि लहान. सारे घर आतल्या अंगणाकडे तोंड करून बसलेले. अंगणाच्या बाजूंनी लांबट खोल्या, एकेका कुटुंबाला एकेक. बाप, लग्न झालेले मुलगे, सुना, नातवंडे एकाच अंगणाभोवती. कोपऱ्यावर एखादी खोली वर चढवलेली असते, ती ‘गुर्फा’. कुराणात जन्नतच्या वर्णनात उंच दालनांसाठी हाच शब्द आला आहे. उन्हाळ्याच्या रात्री समुद्राचा वारा यावा म्हणून गुर्फ्याला झरोके ठेवतात आणि नव्या जोडप्याला किंवा पाहुण्याला ती खोली देतात. लाकूड बेटावर कमी; म्हणून छत कमानीचे किंवा घुमटाचे, दगड आणि चुन्याचे. दरवर्षी चुना लावायचा. चुना नुसता शोभेसाठी नाही, ऊन परतवण्यासाठी आहे आणि पाण्यासाठीही आहे.

पाणी

जर्बावर नदी नाही. ओढाही नाही. बेट इतके सपाट की त्याचा सर्वांत उंच भाग साठ मीटरही भरत नाही. पाऊस वर्षाला साधारण २०० ते २५० मिलिमीटर, तोही काही वर्षी तोंड फिरवतो. रत्नागिरीत चार महिन्यांत ३००० मिलिमीटरहून अधिक कोसळतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक समजेल. विहिरींना पाणी लागते, पण पुष्कळ ठिकाणी ते मचूळ. गोडे पाणी बेटाच्या काही भागांतच सापडते.

म्हणून छप्पर हेच पाणलोट क्षेत्र. घराच्या गच्चीवर आणि मशिदीच्या अंगणात पडलेला थेंब उताराने खाली आणून जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचा. बाटलीसारखी, तोंड अरुंद आणि पोट मोठे अशी टाकी म्हणजे ‘माजल’. लांबट, कमानीने झाकलेली मोठी टाकी म्हणजे ‘फस्किया’. पावसाळ्यापूर्वी गच्ची झाडून, चुना लावून लख्ख करायची, कारण पुढचे वर्षभर प्यायचे पाणी तिच्यावरून येणार असते. मशिदीच्या टाकीतले पाणी नमाजीच्या वुजूसाठी, वाटसरूसाठी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीही. उघड्या माळावर, भोवताली एक घर नसताना मशीद का उभी आहे, याचे अर्धे उत्तर तिच्या टाकीत आहे.

विहिरीवर दगडी खांबांची जोडी असते. त्यावर चाक, चाकावरून दोर आणि दोराला कातडी पिशवी. उंट किंवा गाढव उतारावरून पुढे चालले की पिशवी वर येते आणि आपोआप पाटात रिकामी होते. ज्यांनी लहानपणी विहिरीवर मोट पाहिली आहे त्यांना हे वर्णन वाचावेही लागणार नाही.

अशा पाण्यावर मोठे गाव पोसत नाही. शंभर घरे एका जागी आली तर दोन उन्हाळ्यांत विहीर खारट होईल. म्हणून एक कुटुंब, एक विहीर, एक टाकी, आणि पुढचे कुटुंब हाकेच्या अंतराबाहेर. वस्ती विखुरण्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण समुद्र. भूमध्य समुद्रातल्या प्रत्येक आरमाराने कधी ना कधी जर्बावर नजर टाकली. ११३५ मध्ये सिसिलीचे नॉर्मन आले, १२८४ मध्ये अरागोनचा नौसेनानी आला, आणि १५६० मध्ये पियाले पाशा व तुर्गुत रईस यांच्या उस्मानी आरमाराने स्पॅनिश आणि त्यांच्या मित्रांचा ताफा याच बेटाजवळ बुडवला. ज्या बेटावर लुटायला एक शहरच नाही, तिथे हल्लेखोराने कशावर झडप घालावी? लोकांनी किनारा मोकळा सोडला आणि आत, झाडांच्या आड घरे बांधली. किनाऱ्यावर ठेवल्या त्या मशिदी. पश्चिमेला सीदी जमूर, शिवाय सीदी याती, अशा मशिदींची एक ओळच समुद्राकडे पाहत उभी आहे. तिथे नमाजही व्हायची आणि पहाराही. परकी शिडे दिसली की तिथून आत इशारा जायचा.

साध्या भिंतींच्या मशिदी

तिसरे कारण लोकांच्या दीनी वळणात आहे. जर्बाचा मोठा भाग शतकानुशतके इबादी पंथाचा. सुन्नी आणि शिया या दोन्हींपासून वेगळा असा हा फार जुना पंथ आज मुख्यतः ओमानमध्ये आहे. शिवाय अल्जीरियातील मझाब, लिबियातील नफूसा डोंगर, झांझिबार आणि हे जर्बा. नोकरीनिमित्त मस्कतला राहिलेल्या आपल्या कोकणी बांधवांनी शेजारच्या सफेत हात न बांधता, सरळ सोडून नमाज पढणारे ओमानी पाहिले असतील. ते बहुधा इबादीच. जर्बात मालिकी सुन्नीही पूर्वीपासून आहेत आणि आज त्यांची संख्या मोठी आहे. गल्लाला, सदवीकिश यांसारख्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत अमाझिग, म्हणजे बर्बर भाषाही अजून कानावर येते.

इबादी उलेमांच्या मंडळाला ‘अझ्झाबा’ म्हणत. तंटे सोडवणे, मुलांचे शिक्षण, गरिबांची तरतूद हे सारे काम तेच पाहत. सुलतान दूर होता, आणि दूरच राहावा अशी लोकांचीही इच्छा होती. थाटमाटाला या पंथात जागा नाही, ते मशिदींकडे पाहिले की कळते. नक्षी नाही, रंगीत फरशी नाही. जाड पांढऱ्या भिंती, बुटका मिनार, जमिनीला टेकलेले घुमट. सदवीकिशजवळची एक मशीद तर पूर्ण जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली जायचे, वरून पाहणाऱ्याला जैतुनाची झाडे आणि थोडासा उंचवटा एवढेच दिसते. तिच्या शेजारी मोठी टाकी आहे. मिदूनच्या वाटेवरची फदलून मशीद किल्ल्यासारखी तटबंद आहे. तिच्या आवारात मदरसा, दळणाचे जाते आणि रोटी भाजण्याची भट्टीही होती. बेटावर वर्षाच्या दिवसांइतक्या मशिदी आहेत असे लोक म्हणतात. मोजणी बाजूला ठेवू. दर थोड्या अंतरावर एक आहे, हे मात्र खरे.

जमिनीखालचे कारखाने

मंझिलीत पिकते ते पोटापुरते : जव, डाळी, अंजीर, द्राक्षे, डाळिंब, खजूर. पण तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून हाताला हुन्नर हवे. जर्बाचे लोकरी कापड मध्ययुगापासून नावाजलेले. लोकर पिंजायची आणि कातायची ती बायकांनी, मागावर बसायचे ते पुरुषांनी. मागाची खोली अर्धी जमिनीत, लांब, कमानी छताची, दर्शनी भिंत त्रिकोणी. जमिनीत का? आत हवा ओलसर आणि सम राहते, त्यामुळे सूत तुटत नाही. बाहेर रणरणते ऊन असताना विणकर आत गारव्यात बसलेला असतो. मला या बेटावरच्या सगळ्या इमारतींत ही मागाची खोली सर्वांत शहाणी वाटते. वास्तुशास्त्राचे पुस्तक न उघडता बांधलेली.

तेलाचे घाणेही जमिनीखालीच. डोळ्याला झापड बांधलेला उंट खाली दगडी चाक फिरवत राही आणि वरून कोणाला पत्ताही लागत नसे. तेल तिथे नीट निथळते, आणि लुटारूंच्या नजरेलाही पडत नाही.

गल्लालाचे कुंभार हा वेगळा विषय. तिथली माती टेकडीच्या पोटातून, खोल भुयारे खणून काढतात. वाळवून, भिजवून, तुडवून मग चाकावर घेतात. माती गोड्या पाण्यात मळली तर भाजल्यावर भांडे तांबूस होते आणि समुद्राच्या पाण्यात मळली तर पांढुरके. माणूस उभा राहील एवढे तेलाचे रांजण, धान्याच्या कणग्या, पाण्याच्या सुरया इथून होड्यांत भरून दूरदूरच्या बंदरांत जात. त्याच गल्लालाची साधी मडकी कोळी दोरीला बांधून समुद्रात सोडतात. ऑक्टोपसला बीळ हवे असते. तो मडक्यात शिरतो आणि निवांत बसतो. सकाळी दोरी ओढली की मडके, मडक्यात तो. आमिष नाही, गळ नाही.

बाजाराचा मोहल्ला

आता प्रश्न असा की एवढी पांगलेली माणसे भेटत कुठे? बाजारात. सोळाव्या शतकात ग्रॅनडात जन्मलेला आणि फेजमध्ये वाढलेला प्रवासी अल-हसन अल-वझ्झान, ज्याला युरोप लिओ आफ्रिकानस म्हणून ओळखतो, त्याने जर्बाचे वर्णन केले आहे. घरे सुटी सुटी, गावे जवळपास नाहीत. मात्र किल्ल्याजवळ एक मोठी वस्ती आहे, तिथे परदेशी व्यापारी उतरतात, आठवड्याला जत्रेसारखा बाजार भरतो, सारे बेट तिथे लोटते आणि मुख्य भूमीवरचे अरब गुरे व लोकर घेऊन येतात. ही वस्ती म्हणजेच आजचे हूमत सूक. नावाचा अर्थच ‘बाजाराचा मोहल्ला’. पुढे ते बेटाचे मुख्य शहर झाले.

हूमत सूकला सोमवारी आणि गुरुवारी बाजार भरतो, मिदूनला शुक्रवारी. इतर ठिकाणचे आपापले वार आहेत. त्यामुळे फिरत्या व्यापाऱ्याला आठवडाभर धंदा आणि शेतकऱ्याला कुठलाच बाजार फार लांब नाही. आपल्याकडच्या आठवडी बाजारांची साखळी अशीच असते. टोपल्या, चटया, मडकी, मसाले, मेंढ्या, वाळवलेली मासळी, जुने कपडे, मोबाइलची कव्हरे, सगळे एकाच रांगेत. बाजारात येणाऱ्या वयस्कर बायकांच्या अंगावर गुंडाळलेले पांढरे वस्त्र आणि डोक्यावर, ओढणीच्या वरून, खजुरीच्या पात्याची रुंद टोपी. ऊनही अडते आणि पडदाही राहतो. तरुण मुली आता ती टोपी घालत नाहीत. ती पर्यटकांसाठीच्या दुकानात टांगलेली असते.

हूमत सूकच्या मासळी बाजाराची रीत बघण्यासारखी आहे. दलाल उंच खुर्चीवर बसतात. मासळी खजुरीच्या पात्यात ओवून तिच्या माळा केलेल्या असतात. दलाल एकेक माळ हात उंचावून धरतो आणि बोली सुरू होते. तागडीपेक्षा नजर महत्त्वाची. हॉटेलवाला, घरची गृहिणी, परगावचा व्यापारी सगळे एकाच बोलीत उतरलेले. आमच्या बंदरांवर मासळीचा लिलाव ऐकलेल्या माणसाला भाषा कळणार नाही, पण भाव कुठे अडला ते नक्की कळेल.

बाजाराच्या आसपास जुनी ‘फुंदुके’ आहेत. फुंदुक म्हणजे सराई. मध्ये चौक आणि हौद, खाली माल व जनावरे, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या. माल्टा, इजिप्त, तुर्कस्तान अशा ठिकाणांशी व्यवहार करणारे लोक इथे उतरत. काही फुंदुके आता लहान हॉटेले झाली आहेत. चौक तोच, उंटांऐवजी टेबले. याच गावात थोड्या अंतरात तीन मशिदी तीन मार्गांच्या आहेत. तुर्कांची मशीद हनफी, ‘गुरबा’ म्हणजे परक्यांची मशीद मालिकी, आणि शेखची मशीद इबादी. बंदराजवळ स्पंज काढायला आलेल्या ग्रीक पाणबुड्यांचे चर्चही आहे. आणि सराफ कट्ट्यावर चांदीचे दागिने घडवणारे पुष्कळसे कारागीर यहुदी.

जर्बाचे यहुदी फार प्राचीन. बैतुल मुकद्दसचे पहिले मंदिर पडल्यानंतर आपले पूर्वज इथे आले, अशी त्यांची परंपरा सांगते. इस्रायल झाल्यावर आणि नंतरही पुष्कळ निघून गेले, तरी हजाराच्या आसपास आजही बेटावर आहेत. त्यांची दोन गावे मात्र विखुरलेली नव्हती. घरे एकमेकांना लागून. एर्रियाद गावाजवळ ‘गरीबा’ नावाचे त्यांचे सिनेगॉग आहे. जवळच्या मुस्लिम बायकाही पूर्वी तिथे नवस बोलत असे जुने लोक सांगतात. एप्रिल २००२ मध्ये या सिनेगॉगसमोर स्फोटकांनी भरलेली गाडी उडवून एकोणीस जणांचा जीव घेतला गेला. मे २०२३ मध्ये, वार्षिक यात्रेच्या वेळी, एका सुरक्षा कर्मचाऱ्यानेच गोळीबार करून पाच जणांना मारले. दोन यात्रेकरू आणि तीन त्याचेच सहकारी. हे लिहिताना संकोच वाटतो, पण ते वगळून जर्बाच्या शेजारधर्माबद्दल लिहिणे खोटे ठरेल. निरपराधाचा खून करणाऱ्याने सर्वांत आधी घाव घातला तो जर्बाच्या मुसलमानांनी शतकांपासून सांभाळलेल्या शेजारावर.

वाफेवरचा भात

आमच्या भगिनींसाठी थोडे स्वयंपाकघरात डोकावू. जर्बाचा भात ट्युनिशियात प्रसिद्ध आहे. तो पाण्यात शिजवत नाहीत, वाफेवर शिजवतात. तांदूळ धुऊन भिजवायचा. मटणाचे आणि कलेजीचे अगदी बारीक तुकडे, भरपूर चिरलेला पालक किंवा तसलीच पालेभाजी, अजमोदा, कांदा, भिजवलेले चणे, टोमॅटो, लाल मिरचीचे वाटण, हळद, मीठ आणि जैतुनाचे तेल हे सारे कच्चेच तांदळात कालवायचे. मग खाली उकळते पाणी आणि वर चाळणीचे भांडे, त्यात हे मिश्रण. अर्धे शिजल्यावर काढून थोडे गरम पाणी शिंपडून हलवायचे आणि पुन्हा वाफ द्यायची. पाणी जपणाऱ्या बेटाला शोभेल असाच हा भात. प्रवासासाठी भाजलेल्या धान्याचे मसालेदार पीठ असते, तेलात कालवून खायचे. आपल्या सातूच्या पिठाचा भाऊच. दुकानावर जाणाऱ्या मुलाच्या पडशीत आई ते हमखास बांधून देई.

दुकानावर गेलेले

कारण जर्बाचा मुलगा दुकानावर जाणारच. ट्युनिशियात ‘जर्बी’ म्हटले की किराणा दुकानदार, असे समीकरण झाले आहे. पहाटे उघडणारे, रात्री उशिरा बंद होणारे, उधारीची वही असणारे. ही दुकाने नातलगांच्या भागीदारीत चालत. एक भाऊ काही महिने ट्युनिसला दुकान सांभाळी, मग दुसरा जाई आणि पहिला बेटावर परते. बायको-मुलांना बेटावरच ठेवायचे हा रिवाज होता. त्यामुळे मंझिल चालवली ती खरे तर बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी. जैतून झोडणे, टाकी साफ करणे, लोकर कातणे, मुलांना मशिदीत धाडणे, गच्चीला चुना लावणे. पुस्तकांत विणकर आणि व्यापाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. चुना लावणाऱ्या हातांबद्दल फारसे नाही.

१९६० च्या दशकात सरकारने व्यापार सहकारी संस्थांच्या हाती देण्याचे धोरण घेतले आणि या दुकानांवर गदा आली. पुष्कळ जर्बी फ्रान्सला गेले. पॅरिसमध्ये रात्री उशिरापर्यंत उघडे असणाऱ्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांत त्यांचा मोठा वाटा आहे. पण पॅरिस म्हणजे ट्युनिस नव्हे; दर सहा महिन्यांनी पाळी बदलता येत नाही. हळूहळू बायको-मुलेही गेली. पाठवलेल्या पैशातून बेटावर घरे झाली, पण ती नवी घरे, रस्त्याला लागून, सिमेंटची. जुन्या हौशाला कुलूप लागले.

त्यातच १९५६-५७ मध्ये स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने वक्फ व्यवस्था मोडीत काढली. मशिदींना वक्फ केलेली जैतुनाची झाडे, दुकाने, जमिनी यांतून डागडुजी होई. तो झरा आटला. रानातली मशीद, जिला जमात उरली नाही आणि उत्पन्नही उरले नाही, ती कोण सांभाळणार? आणि घरांचे म्हणाल तर वारसाहक्काचा प्रश्न आहे. आजोबांच्या हौशाचे आज वीस-पंचवीस वारस. कोणी ट्युनिसला, कोणी पॅरिसला, कोणी ल्योनला. एकाने दुरुस्ती करावी तर बाकीच्यांची संमती हवी, विकावे तरीही हवी. दोष वाटणीच्या नियमाला देता येणार नाही. वाटणी वेळेवर न करण्याची आणि मग पिढ्यानपिढ्या पुढे ढकलण्याची सवय याला जबाबदार आहे. आपल्याकडच्या गावांतली पडकी घरे याच कारणाने पडली आहेत, आणि ती कोणाची आहेत ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरीकडे, पूर्वजांनी मोकळा सोडलेला किनारा गेल्या साठेक वर्षांत हॉटेलांनी भरला. ईशान्येच्या वाळूवर एकामागे एक हॉटेले, पोहण्याचे तलाव, हिरवळी. जिथे थेंब मोजून वापरत, तिथे हे. मुख्य भूमीवरून नळाने पाणी आणावे लागले आणि तेही पुरेना, तेव्हा २०१८ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना सुरू झाला. क्षमता दिवसाला ५० हजार घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर. नळ आला आणि माजल विसरली गेली. कित्येक घरांत जुन्या टाकीचा आता शोषखड्डा झाला आहे. पाण्यामागोमाग कचरा. गल्लालाच्या लोकांनी आपल्या दारातल्या कचरा डेपोविरुद्ध आंदोलन केले, डेपो बंद झाला आणि मग कचरा साऱ्या बेटभर पडला. कमी माणसांनी, लांब लांब राहून, थोडक्यात भागवायचे हा या बेटाचा हिशेब होता. तो एका पिढीत उलटला.

यादीत नाव, पुढे काय

हे सगळे मुकाट्याने झाले असे नाही. बेट वाचवण्यासाठी स्थानिकांची संस्था १९७० च्या दशकापासून काम करते आहे. जुन्या मशिदींच्या नोंदी, नकाशे, डागडुजी तिच्या प्रयत्नांतून झाली. बारूनी घराण्याने इबादी हस्तलिखितांचे ग्रंथालय सांभाळले आहे. २०१४ मध्ये एर्रियादच्या भिंतींवर तीस देशांच्या शंभराहून अधिक चित्रकारांनी चित्रे काढली आणि ओस पडत चाललेल्या गल्ल्यांत माणसे पुन्हा फिरू लागली. पांढऱ्या भिंतीवर भडक चित्र सगळ्यांनाच रुचले नाही, आणि मलाही छायाचित्रे पाहून ते थोडे खटकतेच. पण चित्रांमुळे काही दारे उघडली हेही खरे.

युनेस्कोच्या यादीत एकूण ३१ ठिकाणे आहेत : सात वस्त्यांचे परिसर आणि चोवीस वास्तू, त्यांत मशिदी आहेत, गरीबा सिनेगॉग आहे, चर्चही आहे. वास्तू राखणे त्यातल्या त्यात सोपे. पण मंझिल म्हणजे वास्तू नव्हे. बांध ढासळला, निवडुंग वाळला, टाकीत पाणी आले नाही, मागावर कोणी बसले नाही, तर उरते ती पांढरी भिंत. रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव चढले आहेत आणि जैतुनाच्या बागेचे तुकडे पाडून विकणे हा सोपा मार्ग आहे. बांधकामाचे नियम आहेत, पण विनापरवाना घर उभे राहिल्यावर पाडणार कोण, हा प्रश्न तिथेही तसाच आहे जसा इथे आहे. काही जुने हौश परदेशी लोकांनी घेऊन सुंदर दुरुस्त केले आहेत. त्यांत पाहुणे उतरतात. काही ठिकाणी मात्र परदेशातून परतलेल्या नातवांनीच आजोबांची टाकी उपसून पुन्हा गच्चीला जोडली. पाण्याचे बिल वाढल्यावर जुने शहाणपण आठवते.

जुलै-ऑगस्टमध्ये बेट भरते. फ्रान्सच्या नंबर प्लेटच्या गाड्या बोटीतून उतरतात आणि लग्नांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी कोणीतरी हौशाचे कुलूप काढते, अंगण झाडते आणि चुन्याची बादली कालवते. मुले गुर्फ्यात झोपायचा हट्ट करतात, म्हाताऱ्या जव भाजायला बसतात, सोमवारी आणि गुरुवारी हूमत सूकच्या बाजारात मासळीची बोली नेहमीपेक्षा चढी जाते. सप्टेंबरमध्ये शाळा उघडण्याआधी गाड्या पुन्हा अजीमच्या धक्क्यावर रांगेत लागतात. किल्ली शेजारच्या मंझिलीत ठेवली जाते. पावसाच्या आधी गच्ची एकदा झाडून घ्या, असे सांगून.